बाबूरावांच्या वडिलांचं नाव

आजोबांच्या वर्षाच्या दिवशी सकाळी सात वाजता देवळीकरांच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये, आतल्या बेडरूमचं दार लावून, चौघांनी वंदना म्हटली. दार लावून, हे खरं तर वेगळं सांगायला नको. या घरात वंदना दार लावूनच व्हायची, आवाज खाली ठेवून, आणि कपाटाचं उजवं दार तेवढं उघडून, कारण बाबासाहेबांचा फोटो त्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेला होता. बुद्धाची मूर्ती मात्र बाहेर हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, चारचौघांत. सिंगापुरात बुद्ध कोणाच्याही घरी असतो, खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींकडे तर सात आहेत. त्यावरून कोणाला काही कळत नाही. कळतं ते फोटोवरून.

"इतकं हळू काऊन म्हणता रे?" वंदना संपल्यावर कमलाबाई म्हणाल्या. "हे म्हणत तं पार चौकापर्यंत ऐकू जाय."

"शेजारी झोपलेत, आई," उज्ज्वल म्हणाला आणि त्यानं कपाटाचं दार लावून टाकलं.

प्रियदर्शिनीनं ते बघितलं. अमेरिकेहून सुट्टीला येऊन तिला नऊ दिवस झाले होते, आणि या नऊ दिवसांत बापानं ते दार लावलेलं तिनं नऊ वेळा बघितलं होतं. लहानपणी रोज बघायची तेव्हा काहीच वाटायचं नाही. कपाटाची दारं लावायचीच असतात, एवढंच वाटायचं.

आजी गुडघे धरत उठली आणि सवितानं मुलीला डोळ्यांनीच स्वयंपाकघरात बोलावलं. खिरीचं पातेलं गॅसवर होतं. ते ढवळत, पातेल्यातच बघत ती म्हणाली, "दर्शू, तुला एक सांगायचंय. चिडायचं नाही."

"आई, तू असं म्हणालीस की मी आधीच चिडते."

"अकरा वाजता शैलेंद्र आणि स्मिता येतायत."

"जेवायला. माहितीये मला."

"जेवायला, आणि... गुरुजींना घेऊन येतायत. वर्षश्राद्धाला."

प्रियदर्शिनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं आईकडे नीट पाहिलं, तर आईचं तोंड उतरलेलं. म्हणजे बरोबरच ऐकलं होतं.

"श्राद्ध? आपल्या आजोबांचं?"

"हळू बोल. आजीला माहीत नाहीये."

तेवढ्यात उज्ज्वल दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती, पण तो पाण्यासाठी आला नव्हता हे तिघांनाही कळत होतं.

"बाबा, आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा काय शब्द दिला होता? श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. आणि त्यांच्याच वर्षाला तुम्ही..."

"मला शिकवू नकोस. मी त्यांचा मुलगा आहे."

"मग हे कसं झालं?"

"कसं झालं म्हणजे काय?" उज्ज्वलनं बाटली ओट्यावर ठेवली. "जुरोंग आयलंडला कामावर जायच्या बसमध्ये शैलेंद्र शेजारी बसतो. त्याला म्हटलं, शनिवारी घरी आहे, बाबांचं वर्ष आहे. बास, एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या गुरुजी ठरवून मोकळा. म्हणाला, परक्या देशात कुठं धावाधाव करशील, सगळं सामान मी आणतो. आता त्याला काय सांगायचं होतं मी?"

"नको म्हणायचं होतं."

"का नको, असं विचारलं असतं त्यानं."

खीर तळाला लागायला आली तेव्हा सवितानं पुन्हा डाव फिरवला. खरं म्हणजे त्या 'का नको'ला उत्तर द्यायला लागू नये म्हणूनच तर पंचवीस वर्षं सगळा खटाटोप होता. म्हणून तर गजभिये होते ते गावाच्या नावावरून देवळीकर झाले होते, आणि म्हणून तर सवितानं गेल्या दोन वर्षी स्मिताकडे गौरी जेवायला सवाष्ण म्हणून बसून पुरणपोळी खाल्ली होती. वाईट कोणीच नव्हतं, हीच यातली अडचण. शैलेंद्र तर इतका भला माणूस की उज्ज्वलला डेंगी झाला तेव्हा आठ दिवस डबा घेऊन हॉस्पिटलला आला.

"याला काय म्हणतात माहितीये?" प्रियदर्शिनी म्हणाली. "अमेरिकेत याला पासिंग म्हणतात. काळ्या माणसांतले जे रंगानं उजळ होते ते घर सोडून जायचे आणि गोऱ्यांत गोरे म्हणून राहायचे. आम्ही अख्खं सेमिस्टर शिकलोय हे."

"शिकलीस ना? छान. आता माझं ऐक." उज्ज्वलचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "पुण्याला शिकायला होतो. खोलीत टेबलावर फोटो ठेवला होता, लहानसा, इतका. घरमालकीणबाई केर काढायला म्हणून आल्या आणि संध्याकाळी माझी ट्रंक बाहेर व्हरांड्यात. परीक्षा तोंडावर. चार दिवस स्वारगेटच्या स्टँडवर राहिलो मी, सुलभमध्ये आंघोळ करून पेपरला गेलो. तेव्हाच ठरवलं, माझ्या मुलीला हा प्रश्न कोणी विचारणार नाही. आणि नाही विचारला कोणी! हे तू पुस्तकातून शिकलीस, मी नाही."

"मग मला सांगायचं होतंत, बाबा. तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मला पुस्तकातून शिकायला लागलं. ते पण दुसऱ्यांच्या."

उज्ज्वल निघून गेला. बाटली तशीच ओट्यावर राहिली.

"शब्द दे मला," सविता म्हणाली. "ते लोक असताना तू बोलणार नाहीस."

प्रियदर्शिनीनं ओट्यावरची बाटली उचलून नळाखाली धरली. मग म्हणाली, "जातीचं मी काही बोलणार नाही. ते बाबांनी सांगायचं. मी कोण सांगणारी?"

सविताला आश्चर्य वाटलं. दोन वर्षांपूर्वीची दर्शू असती तर तिनं भांडी आपटली असती.

आणि हे थांबणंही ती अमेरिकेतच शिकली होती, कोणाला खरं वाटो न वाटो. अटलांटाजवळच्या त्या कॉलेजात ती गेली होती बायॉलॉजी शिकायला. कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती हा विषय तिनं घेतला तो केवळ स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून. पहिले पंधरा दिवस मागच्या बाकावर बसून ती नोट्स काढत राहिली. दुसऱ्यांचं दुःख आहे, आदरानं ऐकावं आणि परीक्षा द्यावी, असा तिचा हिशेब. तिसऱ्या आठवड्यात एका म्हाताऱ्या मोलकरणीची आठवण वाचायला होती. गोऱ्या मालकिणीच्या घरात तिचा कप वेगळा, सिंकखाली ठेवलेला. तिनं तो स्वतः धुवायचा आणि स्वतःच पालथा घालायचा. ते वाचता वाचता प्रियदर्शिनीचं बोट त्या ओळीवरच थांबलं. तिला स्मिताकाकूंचं स्वयंपाकघर दिसलं. ती चौदा वर्षांची होती, आजी पहिल्यांदाच सिंगापूरला आली होती. चहा झाल्याबरोबर आजी उठली, आपला कप आपणच घासला आणि ओट्याच्या अगदी कोपऱ्यात, बाकीच्या कपांपासून लांब, पालथा घालून ठेवला. स्मिताकाकू कौतुकानं म्हणाल्या होत्या, "किती स्वच्छतेची सवय आहे हो तुम्हाला!" आणि प्रियदर्शिनी हसली होती. आजी किती गावठी, असं वाटून हसली होती. त्या हसण्याची लाज तिला पाच वर्षांनी, भर वर्गात वाटली, आणि ती उठून बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसली.

मग तिनं निबंध लिहिला. वर्गातल्या रोशेलच्या आजीची बहीण अशीच शिकागोला जाऊन गोरी म्हणून राहिली होती. आई वारल्याचं कळलं तेव्हा तिनं फुलं पाठवली, पण चिठ्ठीवर नाव घातलं नाही. प्रियदर्शिनीनं त्या बाईला सहा पानं झोडपून काढलं. झोडपत होती कोणाला, हे तिचं तिला ठाऊक होतं. प्रोफेसर लवजॉयबाईंनी समासात एवढंच लिहिलं: तू निवाडा छान लिहिला आहेस, पण त्या बाईची भीती कुठे आहे? निबंध पुन्हा लिहायला लागला. उन्हाळ्यात रोशेलनं तिला आपल्या घराण्याच्या मेळाव्याला नेलं. दोनशे माणसं, सगळ्यांच्या अंगात सारखे पिवळे टी-शर्ट आणि पाठीवर पिढ्यांची नावं छापलेली. सगळ्यांत वरच्या ओळीत नाव नव्हतं. गुलामांच्या मालकाच्या यादीत गुरांबरोबर नोंद होती तेवढीच छापली होती: एक बाई, वय तीसच्या आसपास. रोशेलचे काका अकरा वर्षं ते नाव शोधत होते, तीन राज्यांतली कागदपत्रं धुंडाळून झाली होती. त्या रविवारपासून प्रियदर्शिनी नागपूरला फोन करायला लागली. आजी, आजोबांच्या वडिलांचं नाव काय? त्यांच्या वडिलांचं? आजी पहिल्यांदा लाजली, "ते कायले पायजे तुले, बाप्पा," म्हणाली, आणि मग अशी सुटली की तासतासभर फोन चालायचा. स्वतःला मी कोण हा प्रश्न प्रियदर्शिनीनं आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनवर विचारला, आणि उत्तर ऐकताना तिला एकदाही लाज वाटली नाही.

अकराला पाच कमी असताना बेल वाजली. शैलेंद्रच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, केळीची पानं, काळे तीळ, दर्भ, आणि स्मिता मागून उपरणं घेऊन. "दर्भ लिटल इंडियात मिळाला नाही रे," चपला काढता काढताच शैलेंद्र सांगायला लागला, "मग गुरुजींनीच त्यांच्याकडचा आणला. तू बस, तू काही करू नकोस. आज तू फक्त मुलगा."

गुरुजी म्हणजे शिरीष. सोमवार ते शुक्रवार पाया लेबारला एका ऑफिसात सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार पूजा. पाठीवर लॅपटॉपचीच सॅक, तिच्यातून ताम्हण आणि पळी निघाली. दक्षिण कुठली ते त्यानं फोनवर बघून घेतलं आणि पाट मांडला.

ठरलं असं होतं की आजीनं आत पडून राहायचं, गुडघे दुखतायत म्हणून. पण कमलाबाई बाहेर आल्या. पांढरी साडी नेसून, केस विंचरून. "मी काय बिमार हाव का?" असं म्हणून सोफ्यावर जाऊन बसल्या. पाट पाहिला, तीळ पाहिले, केळीचं पान पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. उज्ज्वलनं मान वर केली नाही. प्रियदर्शिनी आजीजवळ जाऊन बसली, तेव्हा आजीचा हात तिला थंडगार लागला.

"आई, थोडीशी प्रार्थना आहे," सविता पुटपुटली.

"दिसते मले," कमलाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी उज्ज्वलच्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं. "जानवं नसेल तर उपरणं उजव्या खांद्यावर घ्या. गोत्र?"

उज्ज्वल अडखळला. "काश्यप म्हणा," शैलेंद्रनंच परस्पर सांगून टाकलं, "माहीत नसलं की काश्यप. हो ना गुरुजी?"

"चालतं. आता तीन पिढ्या. वडिलांचं नाव?"

"बाबूराव."

"आजोबांचं?"

हॉलमधला पंखा फिरत होता. उज्ज्वलच्या ओंजळीत तीळ आणि पाणी होतं, ते थेंब थेंब गळत होतं.

"रामचंद्र," तो म्हणाला.

प्रियदर्शिनीनं मान झटकन वर केली.

"पणजोबांचं?"

"वि... विश्वनाथ."

गुरुजींनी मंत्राला सुरुवात केली आणि रामचंद्र, विश्वनाथ ही नावं त्या मंत्रात गुंफली गेली. कमलाबाई नातीच्या कानाशी वाकल्या. त्यांना वाटलं आपण हळू बोलतोय, पण त्यांना जरा कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे त्यांचं हळू सगळ्यांना ऐकू जायचं.

"पोरी, हा कोणाचं नाव घेते? आपल्यात रामचंद्र कोण होता?"

गुरुजी थांबले. शैलेंद्र आणि स्मिता दोघांनीही वळून बघितलं. उज्ज्वलच्या कानशिलावर घाम आला होता. तो हसल्यासारखं करून म्हणाला, "आईला हल्ली आठवत नाही. वय झालं आता. चालू द्या गुरुजी."

कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. ऐंशी वर्षांची बाई, नागपूर ते देवळी प्रत्येक घरातल्या प्रत्येकाचं लग्न, बारसं, मयत जिच्या तोंडपाठ, ती आपल्याच मुलाच्या तोंडून चारचौघांत वेडी ठरून बसून राहिली.

प्रियदर्शिनीनं शब्द दिला होता. तो तिला आठवत होता, अगदी लख्ख आठवत होता. पण आता गप्प बसलो तर आपल्या जिभेचा काय उपयोग, असं तिला झालं.

"आजीला सगळं आठवतं, बाबा," ती म्हणाली. "आजोबांच्या वडिलांचं नाव कचरू. त्यांच्या वडिलांचं धोंडी. आजीनं मला फोनवर सांगितलंय, मी लिहून घेतलंय." ती पुढे सरकून बसली. "मी बाकी काही बोलत नाही. पण तिकडे माझी मैत्रीण आहे, तिच्या घरचे अकरा वर्षं एका नावासाठी वणवण करतायत. त्यांच्या माणसांची नावं दुसऱ्यांनी पुसली. तुम्हाला तर ठाऊक आहेत, बाबा. आपली आपणच कशी पुसायची?"

सवितानं डोळे मिटून घेतले. गेलं सगळं, असंच तिला वाटलं असणार.

पण गंमत बघा, काहीच गेलं नव्हतं. स्मिता हसून म्हणाली, "अगं, एवढंच ना? आमच्या ह्यांचे पणजोबा दगडूशेट होते! जुन्या काळी मुलं जगत नसत, म्हणून ठेवायचे अशी नावं."

"हो रे," शैलेंद्रनं उज्ज्वलच्या पाठीवर हात ठेवला. "कचरू तर कचरू. त्यात लाजायचं काय? घ्या गुरुजी, कचरू आणि धोंडी घ्या."

कपाटाचं ते दार जणू पुन्हा लागलं होतं, आपोआप, कोणीही हात न लावता. आता फक्त गुरुजींच्या मागून म्हणायचं, वीस मिनिटांत सगळं आटोपणार, मग खीर, मग पानं. प्रियदर्शिनीला कळलं की आपलं बोलून झालं आहे आणि पुढचं आपल्या हातात नाही. ती बापाकडे बघत राहिली.

उज्ज्वल आईकडे बघत होता.

"दोन पोरं गेली होती त्याच्या आधी," कमलाबाई एकदम बोलल्या, कोणाकडे असं न बघता. "म्हणून कचरू ठेवलं. उकिरड्यावर लोळवला होता त्याले, जगावा म्हणून. तो जगला म्हणून हे झाले. म्हणून तू झाला."

उज्ज्वलनं ओंजळीतलं पाणी ताम्हणात सोडलं. मग बोटातलं पवित्रक काढलं. ते घट्ट बसलं होतं, काढायला वेळ लागला. काढून त्यानं ते गुरुजींच्या समोर पाटावर ठेवलं.

"थांबा गुरुजी. हे होणार नाही माझ्याकडून." तो मांडी मोडून उभा राहिला. "शैलेंद्र, आम्ही बौद्ध आहोत. माझं नाव उज्ज्वल बाबूराव गजभिये. बाबांनी नागपूरला दीक्षा घेतली होती. श्राद्ध करणार नाही असा शब्द दिला होता आणि साठ वर्षं पाळला. मी त्यांच्या वर्षालाच तो मोडायला बसलो होतो."

शैलेंद्रचा हात उज्ज्वलच्या पाठीवर होता तिथेच हवेत राहिला होता, तो त्यानं सावकाश खाली घेतला.

"आठ वर्षं," तो म्हणाला. "आठ वर्षं रोज एका सीटवर बसतोय आपण. मला एकदा सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"वाटलं. रोज वाटलं. पण भीती जास्त होती."

"माझी भीती?"

"तुझी नाही रे. मी सांगितल्यानंतर तू कसा वागशील, त्याची."

"पण मी काय असा माणूस आहे का?"

उज्ज्वलनं खांद्यावरचं उपरणं काढून त्याची घडी घातली. स्मिता मघापासून हातातल्या तिळाच्या वाटीकडे बघत होती. ती अचानक म्हणाली, "म्हणजे गौरीला तुम्ही जेव्हा..." आणि तिथेच थांबली.

"बोला ना स्मिता," सविता म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा ताठ उभी राहिली होती. "पूर्ण करा."

"नाही, काही नाही."

"मी जेवले तुमच्याकडे. तुम्ही प्रेमानं वाढलंत आणि मी जेवले. घास मात्र घशाखाली उतरत नव्हता, दोन्ही वर्षी. चूक तुमची नव्हती."

स्मिताचा चेहरा लाल झाला. ती वाईट नव्हती, हे पुन्हा सांगायला हवं. पण तिच्या मनात जे आलं ते आलं, आणि ते तिला स्वतःलाच आवडलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

सगळ्यांत आधी भानावर आले ते गुरुजी. त्यांनी ताम्हण पुसून सॅकमध्ये भरलं आणि कमलाबाईंच्या पुढ्यात येऊन हात जोडले. "चूक माझी, आजी. मला कोणी बोलावलं यापेक्षा घरातल्या मोठ्यांना काय हवंय, हे मी आधी विचारायला हवं होतं."

"तुमची काय चूक, महाराज," कमलाबाई म्हणाल्या. "जेवून जा."

"आज नको, आजी. पुन्हा येईन."

"मी गुरुजींना स्टेशनपर्यंत सोडून येतो," शैलेंद्र म्हणाला. दारात त्यानं चपला घातल्या, घालून उभा राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं. "येतो," एवढंच म्हणाला. स्मितानं वाटी टेबलावर ठेवली आणि ती त्याच्या मागून गेली. लिफ्टचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

सवितानं सात पानं मांडली होती. पाऊण वाजला, एक वाजला. स्टेशन दहा मिनिटांवर आहे. सव्वा वाजता तिनं तीन पानं उचलून ठेवली आणि प्रियदर्शिनी तिच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली.

"मी बोलले म्हणून झालं हे, आई."

"तू नाव सांगितलंस. पवित्रक काढलं त्यांनी," सविता म्हणाली. "पंचवीस वर्षं वाट बघितली मी याची, आणि आज झालं तर पानं उचलत बसलेय बघ."

उज्ज्वल हॉलमध्ये जमिनीवर बसून होता. त्यानं आतून फोटो आणून बुद्धाशेजारी ठेवला होता आणि मेणबत्ती लावत होता. तीन काड्या विझल्या, चौथी पेटली. "सकाळची वंदना धरायची नाही," तो आईला म्हणाला. "पुन्हा म्हणू. सगळ्यांची नावं घेऊन म्हणू. दर्शू, तुझी वही आण."

प्रियदर्शिनीनं वही आणली. त्यानं ती मांडीवर घेतली आणि मुलीच्या अक्षरातली नावं बोटानं ओळीओळीनं वाचत गेला. बाबूराव. कचरू. धोंडी. बोट पानाच्या शेवटापर्यंत गेलं आणि परत वर आलं.

"आई, हे सगळे पुरुषच आहेत."

"हो."

"कचरूआजोबांच्या बायकोचं नाव काय होतं? माझ्या आजीचं?"

प्रियदर्शिनी चमकली. दोन वर्षं दर रविवारी तासतास बोलून तिनंही हे विचारलं नव्हतं. तिनं आजीकडे पाहिलं. कमलाबाई कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या, ओठ हलत होते, जणू एकेका घराचं दार वाजवून विचारत होत्या.

"मी सासूबाई म्हणो," त्या शेवटी म्हणाल्या. "सासरे 'अवं' म्हणत. हे 'माय' म्हणत. पाटलाच्या वाड्यावर 'ए' म्हणत." त्यांनी उघड्या वहीवरून हात फिरवला. "नाव कोणी घेतच नोहोतं, उज्ज्वल. तिच्या हाताखाली नऊ वर्षं राह्यली मी, तिचं मरणधरण केलं. नाव नाही माहीत मले."

नागपूरला बापाला अग्नी देताना उज्ज्वल रडला नव्हता. वर्षभरात एकदाही नाही. आता वही मांडीवर तशीच उघडी ठेवून तो आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागला, तोंड दाबून नाही, मोठ्यानं, दार उघडं असताना. समोरच्या घरातल्या बाईंनी जाळीतून डोकावून पाहिलं आणि त्या हळूच आत गेल्या.

"रडून घे, बापा," कमलाबाई त्याच्या विरळ केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "मग सुरू कर. आणि तिच्याकरता म्हण पहिले."